सणाची अक्षरे आणि मुलांची भिंत

घरातील पांढऱ्या भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढल्याबद्दल लहानपणी ज्याला बोलणी खावी लागली नाहीत, असा मनुष्य विरळाच म्हणावा लागेल. हाती खडू आला की मूल पाटीपेक्षा भिंतीकडे आधी वळते. भिंत उभी असते, ऐसपैस असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. वडीलधाऱ्यांच्या लेखी तो खोडकरपणा असतो. मुलाच्या लेखी ते ‘आम्ही येथे आहोत’ हे जगाला सांगणे असते. या उपजत ओढीला सणावाराच्या निमित्ताने शाळेतच वाट करून देण्याचा एक उपक्रम अलीकडच्या काळात देशोदेशींचे चित्रकलाशिक्षक हाती घेऊ लागले आहेत. सणाचे नाव किंवा शुभेच्छेचा एखादा शब्द निवडावयाचा, ‘ग्राफिटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भित्तिलेखनाच्या धाटणीने तो फुगीर, रंगीत आणि एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांत काढावयाचा, आणि साऱ्या वर्गाने मिळून तो मोठ्या कागदावर किंवा शाळेच्या भिंतीवर उतरवावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे.

वरवर पाहता ही सुटीपूर्वीच्या आठवड्यातील करमणूक वाटेल. सहामाही परीक्षा आटोपलेली असते, मुलांचे लक्ष फराळाकडे लागलेले असते, आणि शिक्षकाला तास कसा भरून काढावा ही विवंचना असते. परंतु थोडा विचार केला तर या करमणुकीच्या पोटात एक बिकट प्रश्न दडलेला आढळतो. ज्या लेखनाचा जन्मच परवानगीवाचून झाला, ते परवानगी घेऊन, तासाची घंटा पाळून शिकविता येईल काय? आणि शिकविलेच, तर मुलांच्या पदरात नेमके काय पडेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम शब्दाच्या मुळाशी जावे लागते. ‘ग्राफिटी’ हा शब्द इटालियन भाषेतील आहे आणि त्याच्या मुळाशी ओरखडणे, खरवडणे हा अर्थ आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाने गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीच्या भिंतींवर सामान्य नागरिकांनी कोरलेली नावे, थट्टा, हिशेब आणि निवडणुकीचे मजकूर सापडले, तेव्हा विद्वानांनी त्यांना हे नाव दिले. श्रीलंकेत सिगिरियाच्या खडकावर आरशासारखी घोटीव अशी एक भिंत आहे. ती पाहावयास आलेल्या यात्रेकरूंनी शतकानुशतके तिच्यावर आपल्या ओळी कोरून ठेवल्या. त्यांतील 685 पद्ये पुरातत्त्वज्ञ सेनारत परणवितान यांनी 1956 साली प्रसिद्ध केली, आणि ज्याला एरवी भिंत विद्रूप करणे म्हटले गेले असते, तेच सिंहली भाषेच्या इतिहासाचे अमोल साधन ठरले. भिंतीवर लिहिलेले सारेच टाकाऊ नसते, हे यावरून ध्यानी यावे.

गोमंतकीय वाचकांना तर याच कुळातील एक कला घरची आहे. गोव्यातील काही जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगांत वेलबुट्टी, पशुपक्षी आणि देवदेवतांच्या आकृती दिसतात. तिला कावी कला म्हणतात. चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्यावर काव, म्हणजे तांबड्या मातीचा थर द्यावयाचा आणि अणकुचीदार हत्याराने तो जागोजागी खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा, अशी तिची रीत आहे. युरोपात याच पद्धतीला ‘स्ग्राफिटो’ म्हणतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या आगगाडीवरील रंगीबेरंगी अक्षरे आणि गोव्याच्या देवळावरील नक्षी यांची नावे एकाच धातूपासून निघालेली आहेत. एक उपरी ठरली आणि दुसरी पूज्य ठरली. हा भेद रेषेच्या गुणावरून पडलेला नाही. भिंत कोणाची आणि हात कोणाचा, यावरून तो पडला आहे.

माळव्यातील मराठी कुटुंबांना दुसरे उदाहरण सांगावयास नको. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत इंदूर, उज्जैन, देवास या भागांत कुमारिका संजा मांडतात. घराच्या बाहेरील भिंतीवर शेणाने आकृती उठवावयाच्या, त्या फुलांच्या पाकळ्यांनी आणि पानांनी सजवावयाच्या, आणि संध्याकाळी त्यांच्यापुढे गाणी म्हणावयाची. चंद्र आणि सूर्य त्या भिंतीवर असावयाचेच. बाकीच्या आकृती दर दिवसाला निराळ्या असतात आणि शेवटी भरगच्च किलाकोट मांडला जातो. त्यानंतर सारे खरवडून पाण्यात सोडून देतात. ही कला मुली कोणत्याही शाळेत शिकत नाहीत. थोरल्या बहिणीचा हात पाहून धाकटीचा हात वळतो. सणाच्या निमित्ताने मुलांनी मिळून भिंत सजविणे ही कल्पना या प्रदेशाला नवी नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे. नवीन आहे ती केवळ अक्षरांची धाटणी.

ती धाटणी जेथे जन्मली तेथील हकीकत मात्र उत्सवाची नाही. गेल्या शतकाच्या साठच्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या अमेरिकन शहरांतील गरीब वस्त्यांत वाढणारी मुले रस्तोरस्ती आपली टोपणनावे लिहू लागली. न्यूयॉर्कच्या 183 क्रमांकाच्या रस्त्यावर राहणारा एक ग्रीक वंशाचा पोरगा निरोप्याचे काम करीत शहरभर हिंडे आणि जाईल तेथे ‘टाकी 183’ असे लिहून ठेवी. 21 जुलै 1971 रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर मजकूर छापला आणि त्याचे अनुकरण करणाऱ्यांचे पेव फुटले. नावे वाढली तशी त्यांत उठून दिसण्याची चढाओढ लागली. ब्राँक्समधील ‘फेज टू’ या टोपणनावाच्या तरुणाने 1972 च्या सुमारास अक्षरांना फुग्यासारखा गोलावा दिला. पुढे अक्षरे एकमेकांत अडकली, त्यांना बाण फुटले, सावल्या आल्या, आणि अखेर ती इतकी गुंतागुंतीची झाली की जाणकारावाचून कोणाला वाचता येईनात.

त्या मुलांजवळ घर नव्हते, दुकान नव्हते, पाटी लावण्यास दार नव्हते. होते ते एक नाव. ते त्यांनी शहराच्या माथी मारले, असे म्हणता येईल. नगरपालिकेने अर्थातच ते सहन केले नाही. गाड्या धुण्यावर, कुंपणांवर आणि पहाऱ्यावर वर्षानुवर्षे पैसा खर्च झाला आणि 1989 साली रंगविलेली शेवटची भुयारी गाडी रुळांवरून काढून घेण्यात आली. या झगड्यात नागरिकांची बाजू खोटी होती असे मुळीच नाही. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला खिडकीबाहेरचे दिसू नये इतकी गाडी माखून ठेवणे, किंवा कोणा गरिबाच्या दुकानाची फळी रात्रीतून रंगवून जाणे, याला कला म्हणून पाठीशी घालता येत नाही. भारतातही मध्य प्रदेशात 1994 साली आणि महाराष्ट्रात 1995 साली मालमत्तेच्या विरूपणाविरुद्ध कायदे झालेले आहेत. शिक्षकाने ही दुसरी बाजू मुलांना पहिल्याच दिवशी सांगावयास हवी. ज्याची भिंत त्याची संमती घेणे हा या धड्याचा पहिला पाठ आहे.

या दोन टोकांमध्ये पूल बांधणारा चित्रकार म्हणून कीथ हेरिंग याचे नाव घ्यावे लागते. 1958 साली जन्मलेला हा तरुण 1980 साली न्यूयॉर्कच्या भुयारी स्थानकांतून हिंडत असता त्याला एक गोष्ट दिसली. जाहिरातीची मुदत संपली की त्या चौकटीवर काळा कागद चिकटवून ठेवीत. शाळेतील फळ्यासारख्या त्या कागदावर त्याने पांढऱ्या खडूने चित्रे काढावयास प्रारंभ केला. रांगणारे मूल, भुंकणारा कुत्रा, नाचणारी माणसे. पाच वर्षे हा क्रम चालला आणि त्यापायी त्याला पोलिसांनी अनेकदा पकडलेही. पुढे तो जगप्रसिद्ध झाला, तेव्हा त्याने मुलांना सोबत घेतले. 1986 साली स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची शताब्दी साजरी झाली, त्या उत्सवासाठी त्याने शेकडो मुलांसह एक प्रचंड चित्रपट रंगविला. बाह्यरेषा त्याची होती आणि आतील सारे मजकूर, चित्रे आणि रंग मुलांचे होते. 1989 साली शिकागो येथे सुमारे 500 विद्यार्थ्यांना घेऊन त्याने असेच एक लांबलचक भित्तिचित्र पुरे केले. त्यानंतर वर्षभराच्या आतच, वयाच्या 31 व्या वर्षी, तो निधन पावला.

हेरिंगची ही पद्धत शिक्षकाने नीट न्याहाळण्याजोगी आहे. मोठ्याने चौकट द्यावी आणि आतील जागा मुलांवर सोपवावी, हे तिचे सार. चौकटच दिली नाही तर पन्नास मुलांचा पन्नास दिशांना गोंधळ होतो. आतील जागाही शिक्षकानेच भरली तर मुले केवळ रंगाची वाटी धरणारी होतात. भारतातील पुष्कळ शाळांच्या भिंतींवर सुबक चित्रे दिसतात. पण ती गावातील रंगाऱ्याने काढलेली असतात आणि मुलांना त्यांना हात लावण्याची बंदी असते. त्या भिंती सुंदर असतील. त्या मुलांच्या नसतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावयाचे. पाश्चात्त्य पुस्तकांत या धाटणीचे जे धडे दिलेले असतात ते रोमन अक्षरांसाठी असतात. देवनागरीची प्रकृती निराळी आहे, आणि येथेच मराठी शाळेतील शिक्षकाला खरे काम आहे. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. सणाच्या दृष्टीने यासारखी सोय नाही. दारावर बांधलेल्या दोरीला आंब्याची पाने लोंबावी तशी ही अक्षरे मुळातच तोरणासारखी आहेत.

‘दिवाळी’ हा शब्द घ्यावा. त्याच्या प्रारंभी ऱ्हस्व वेलांटी आहे आणि शेवटी दीर्घ. पहिलीचा दंड अगदी डावीकडे उभा राहतो आणि तिची कमान उजवीकडे ‘द’वर झुकते, दुसरीचा दंड अगदी उजवीकडे उभा राहतो आणि तिची कमान डावीकडे ‘ळ’वर झुकते. शब्दाच्या दोन्ही टोकांना दोन खांब आणि त्यांच्या आत वळलेल्या दोन कमानी, असे प्रवेशद्वारच आपोआप उभे राहते. मधल्या ‘वा’च्या दोन दंडांत समई मांडण्यास जागा होते आणि ‘ळ’च्या दोन पोकळ्यांत दोन पणत्या अचूक बसतात. हे विद्यार्थ्यांना सांगू नये. शब्द मोठा काढून भिंतीवर टांगावा आणि ‘यात तुम्हांला काय दिसते’ एवढेच विचारावे. त्यांना याहून अधिक दिसेल.

इतर सणांनाही हे लागू पडते. ‘संक्रांत’ या शब्दावर दोन अनुस्वार आहेत. तिळाचे दाणे काढण्यास त्याहून योग्य जागा कोणती? ‘होळी’तील मात्रा ज्वाळेसारखी झुकते. ‘नाताळ’ या शब्दात चार उभे दंड ओळीने येतात, त्यांच्या मेणबत्त्या करता येतात, आणि शेवटच्या ‘ळ’चे दोन गोल झाडावर टांगावयाच्या शोभेच्या गोळ्यांसारखे दिसतात. ‘ईद’मधील ‘ई’च्या माथ्यावर जी वळणदार खूण असते ती चंद्रकोरीला आयतेच आसन देते. शिवाय या खेळात शुद्धलेखनाचा एक पाठ न कळत होऊन जातो. वहीत ऱ्हस्वाची जागा दीर्घाने घेतली तर शिक्षक तांबडी खूण करतो आणि मुलगा ती विसरतो. बारा फुटांच्या भिंतीवर वेलांटी चुकली तर सारा गाव ती वाचतो.

शिरोरेषेविषयी एक सावधगिरी मात्र हवी. अक्षरे फुगवीत असता मुलांना ती अडचणीची वाटते आणि ते ती गाळू पाहतात. काही अक्षरांच्या बाबतीत त्याने बिघडत नाही. परंतु ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातील भेद बव्हंशी शिरोरेषेच्या तुटण्यावरच अवलंबून आहे. ती गेली की ‘भात’ आणि ‘मात’ यांत फरक उरत नाही. म्हणून ती ठेवावयाची, तोडावयाची की जाड तुळईसारखी साऱ्या शब्दावरून न्यावयाची, हा निर्णय प्रत्येक शब्दासाठी निराळा घ्यावा लागतो. अशा निर्णयांतूनच मुलाला लिपीची घडण कळते. नुसते पुस्तीवर गिरवून ती कळत नाही.

कृतीचा क्रम सोपा आहे. प्रथम पेन्सिलीने शब्दाचा एकेरी सांगाडा हलक्या हाताने काढावा. त्याच्या दोन्ही अंगांनी सारख्या अंतरावरून दुसरी रेषा फिरवावी, कोपरे गोल करावेत आणि आतील सांगाडा खोडरबराने पुसून टाकावा. फुगीर अक्षर तयार झाले. अक्षरे जवळ आणून एकाचा थोडा भाग दुसऱ्याच्या मागे लपवावा. त्यानंतर प्रकाश कोणत्या बाजूने येतो ते ठरवावे. तो डावीकडून वरून येतो असे धरले तर अक्षराच्या प्रत्येक कोपऱ्यातून उजवीकडे खाली, सारख्या लांबीच्या आणि एकाच दिशेच्या तिरप्या रेषा ओढाव्यात, त्यांची टोके जोडावीत आणि ती जागा गडद रंगाने भरावी. अक्षर भिंतीतून पुढे आल्यासारखे दिसू लागते. ज्या क्षणी ते पुढे येते त्या क्षणी वर्गात जो आश्चर्याचा उद्गार निघतो, तो चांगल्या चांगल्या धड्यांच्या वाट्याला येत नाही. आत रंग भरताना एकमेकांच्या शेजारचे दोन-तीन रंग घ्यावेत. पिवळ्यातून नारिंगीकडे आणि नारिंगीतून तांबड्याकडे जावे. बाहेरची जाड काळी रेषा शेवटी ओढावी आणि प्रकाशाच्या बाजूला पांढऱ्या रंगाचे लहान ठिपके ठेवावेत.

कागदावरचे चित्र भिंतीवर नेण्यासाठी चौकटींची जुनी रीत उत्तम. 12 इंच लांब आणि 4 इंच उंच चित्रावर एक-एक इंचाच्या 48 चौकटी आखाव्यात, भिंतीवर एक-एक फुटाच्या तेवढ्याच चौकटी खडूने आखाव्यात, आणि प्रत्येक चौकटीतील रेषा मोठी करून उतरवावी. 48 मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला एक चौकट येते. प्रमाणाचे गणित येथे हाताने शिकले जाते. लांबी बारापट झाली की क्षेत्रफळ 144 पट होते, आणि म्हणूनच कागदावर पुरलेला रंग भिंतीला पुरत नाही, हे मुलांना डबी रिकामी झाल्यावर पटते.

पण याच चौकटींत एक लहानशी कसोटी लपलेली असते. काही चौकटींत अक्षराचा ऐन वळणाचा भाग येतो आणि काहींत निव्वळ रिकामी पार्श्वभूमी येते. रिकामी चौकट कोणाला द्यावयाची? सर्वसाधारणपणे ती मागच्या बाकावरील मुलाकडे जाते. ज्याची चित्रकला बेताची, ज्याचे गुण बेताचे, ज्याच्याकडून काही बिघडेल अशी शिक्षकाला धास्ती वाटते, त्याला ‘तू आकाश रंगव’ असे सांगण्यात येते. तो निमूटपणे निळा रंग फासतो. समारंभाच्या दिवशी पालक येतात, आपापल्या मुलाने काढलेले अक्षर बोट दाखवून पाहतात, आणि त्याची आई विचारते, ‘यात तुझे कोणते रे?’ त्या प्रश्नाला त्या मुलाजवळ उत्तर नसते.

ज्या कलेचा उगमच ‘आम्हांलाही नाव आहे’ या हट्टातून झाला, तिच्या नावाने भरविलेल्या तासात एखाद्या मुलाला बेनाव ठेवणे, यासारखा विपर्यास दुसरा नाही. यावर उपायही त्याच कलेने दाखवून ठेवला आहे. तेथे प्रत्येक जण आपली एक सही तयार करतो. दोन-चार अक्षरांची, एका दमात काढावयाची, दुसऱ्या कोणाशी न मिळणारी. शिक्षकाने पहिला तास या सहीसाठी राखून ठेवावा. प्रत्येक मुलाने आपले नाव वीस-पंचवीस प्रकारांनी लिहून पाहावे आणि एक निवडावे. मग सणाच्या शब्दाची जी गडद सावली आहे, तिच्यात पांढऱ्या रंगाने सर्वांच्या सह्या सारख्या आकारात भराव्यात. दुरून पाहणाऱ्याला ‘दिवाळी’ दिसावी. जवळ येणाऱ्याला तिच्या सावलीत 48 नावे दिसावीत. रिकामी चौकट मग कोणाचीच राहत नाही. न्यूयॉर्कच्या मुलांनी स्वतःचे नाव मोठे केले आणि शहर त्याखाली झाकले गेले. येथे सर्वांचा शब्द मोठा होतो आणि प्रत्येकाचे नाव त्याच्या आधाराने उभे राहते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. बडोदे, हैदराबाद, बेळगाव, ग्वाल्हेर येथील वर्गांत एका बाकावर दोन-तीन मातृभाषा बसलेल्या असतात. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, रस्त्यावर तिसरी, असा त्या मुलांचा दिवस जातो. सणाचा शब्द प्रत्येकाने आपल्या घरच्या लिपीत लिहावयाचा ठरविले, तर देवनागरीच्या शेजारी गुजराथी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू अक्षरे त्याच भिंतीवर येतील. गुजराथीला शिरोरेषा नाही, तेलुगू आणि कन्नड गोलाव्याच्या आहेत, उर्दू उजवीकडून येते. त्यांना एकत्र बसविणे हे चित्रकलेच्या दृष्टीने मोठे मनोरंजक कोडे आहे. लिपींच्या नावाने जेथे वडीलधारे वाद घालतात, तेथे मुले कोणत्या अक्षराच्या कुशीत कोणते अक्षर बसेल याचा विचार करीत उभी आहेत, हे दृश्य पाहण्याजोगे होईल. सण निवडतानाही तीच दृष्टी हवी. ज्या मुलाच्या घरी दिवाळी नसते त्याला ईद, नाताळ किंवा आणखी कोणता सण घेऊ द्यावा. आणि ज्याच्या घरी यंदा दुखवटा आहे, त्याला सावलीतील सह्यांचे काम आनंदाने करता येते.

बडोद्याचे नाव निघाले म्हणून सांगावयास हवे की, या शहराचा अक्षरकलेशी जवळचा संबंध आहे. इंदुरात देवळालीकरांच्या हाताखाली घडलेले नारायण श्रीधर बेंद्रे 1950 साली बडोदे येथील ललितकला विद्याशाखेत आले आणि तेथे त्यांनी चित्रकारांची एक पिढी तयार केली. त्याच विद्याशाखेचा विद्यार्थी हनीफ कुरेशी याने पुढे, दुकानांच्या पाट्या हाताने रंगविणाऱ्या कारागिरांची अक्षरे जमवून जतन करण्याचे काम केले आणि सहकाऱ्यांसह दिल्लीच्या लोधी कॉलनीतील भिंती देशोदेशींच्या चित्रकारांना खुल्या करून दिल्या. 2024 साली तो अकाली निवर्तला. पाटी रंगविणाऱ्या रंगाऱ्याचे अक्षर आणि परदेशी भित्तिलेखकाचे अक्षर ही सख्खी भावंडे आहेत, हे त्याने ओळखले होते. शाळेच्या गावात असा एखादा जुना रंगारी अद्याप असेल, तर त्याला एका तासापुरते आदराने बोलवावे. पट्टीवाचून सरळ रेषा ओढणारा हात मुलांनी एकदा तरी जवळून पाहावा.

साधनांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रंगाचा फवारा मारणाऱ्या डब्यांचा मोह मुलांना फार असतो. पण त्यांतील द्रावके आणि वायू ज्वालाग्राही असतात आणि बंद खोलीत त्यांची वाफ श्वासावाटे जाणे अपायकारक आहे. पणत्या आणि फटाके यांच्या दिवसांत तर त्या डब्या शाळेपासून दूरच बऱ्या. पाण्यात कालविण्याचे रंग, रुंद ब्रश, स्पंजाचे तुकडे, रंगीत खडू आणि खाकी कागदाची गुंडाळी एवढ्यावर सारे भागते. फवाऱ्याचा भास हवा असेल तर जुन्या दातांच्या ब्रशावर रंग घेऊन अंगठ्याने शिंतोडे उडवावेत. भिंत मिळत नसेल तर कागद भिंतीवर ताणून बसवावा. भिंतीला डाग पडत नाही आणि चित्र गुंडाळून ठेवता येते.

राहता राहिला प्रारंभीचा प्रश्न. परवानगीवाचून जन्मलेली कला परवानगीने शिकविता येईल काय? तिच्यातील बंडखोरी शिकविता येणार नाही, आणि ती शाळेने शिकवावी अशी कोणाची अपेक्षाही नाही. परंतु त्या बंडखोरीच्या मुळाशी जी भूक होती, ती शाळेला खचित भागविता येते. आपले नाव कोणीतरी वाचावे, सर्वांच्या भिंतीवर आपल्या हाताची एक खूण असावी, ही भूक प्रत्येक मुलाला असते. तिला सन्मानाची भिंत मिळाली नाही, तर ती अंधारात दुसऱ्याची भिंत शोधते.

पुढील वर्षी दिवाळीपूर्वी शाळेला पुन्हा चुना लागेल आणि हे सारे पुसले जाईल. त्याचे दुःख करू नये. संजाही पाण्यात सोडून देतात आणि दारापुढील रांगोळी दुपारपर्यंत पायांखाली जाते. चुन्याची बादली घेऊन भिंतीपुढे उभा राहिलेला मुलगा क्षणभर थांबेल, सावलीतील आपली सही शोधील, तिच्यावरून बोट फिरवील आणि मग स्वतःच तिच्यावर पांढरा हात देईल. नव्या इयत्तेतील मुलांना भिंत मोकळी करून द्यावयाची असते, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.